नववा रस्ता आणि आपला चार नंबरचा गाळा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी छापताना घातल्या आहेत.)

पोरांनो, आधी खाली उतरा, खुर्च्या मंडपवाल्याच्या आहेत.

महिन्यापूर्वी सचिव घरी आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही लेकीकडे अमेरिकेत पाच महिने राहून आलात, त्यावर वीस मिनिटं बोला." मी म्हटलं, नायगारा सगळ्यांनी मोबाईलवर बघितलाय, त्यात मी काय भर घालणार? मी एका हॉटेलाबद्दल बोलतो. हॉटेल म्हणजे आपण कशेळ्यात म्हणतो ते, खायचं-प्यायचं. आणि ते सांगता सांगता मला आपल्या चार नंबरच्या गाळ्यापर्यंत यायचं आहे. तो विषय इथे काही जणांना चांगला आठवत असेल. त्यांनी थोडा धीर धरावा.

माझी लेक फिलाडेल्फियात असते. त्या शहराच्या दक्षिण भागात नववा रस्ता म्हणून एक रस्ता आहे. तिथे रस्त्यांना नावांऐवजी आकडे द्यायची पद्धत आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचीही वाट चुकत नाही. या रस्त्यावर इटालियन बाजार भरतो. दुकानांपुढे पत्र्याची आणि कापडाची छपरं, खाली फुटपाथवर भाजीची खोकी, मासळीवाले, खाटीक, चीजवाले. १९७६ सालच्या 'रॉकी' सिनेमात तो मुष्टियोद्धा पहाटे धावतो ना, तो याच बाजारातून. मला मात्र नेरळचा बाजार आठवला. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला इथेही नेरळच दिसणार." पण खरंच तसं होतं. भाव करणाऱ्या बायका होत्या, टोमॅटो दाबून बघणाऱ्या होत्या, आणि दाबू नका म्हणून ओरडणारा दुकानदारही होता.

त्याच रस्त्यावर राल्फ्स नावाचं इटालियन हॉटेल आहे. फ्रांचेस्को आणि कॅथरीन डिस्पिन्यो या इटलीहून आलेल्या नवरा-बायकोने ते १९०० साली सुरू केलं. आज ज्या इमारतीत आहे, तिथे ते १९१५ साली आलं. राल्फ हे त्यांच्या मुलाचं नाव. तेव्हापासून ते त्याच घराण्याकडे आहे. चार पिढ्या झाल्या, पुढची हाताशी येते आहे. अमेरिकेतलं एकाच कुटुंबाने सगळ्यात जास्त वर्षं चालवलेलं इटालियन हॉटेल म्हणून ते ओळखलं जातं. सव्वाशे वर्षं! आपण इथे पंचवीस वर्षांची संस्था झाली म्हणून मंडप घातलाय. घालायलाच हवा, पण हिशेब डोक्यात असू द्या.

आता हे इटालियन लोक तिथे आले कसे? १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत उतरले. बहुतेक दक्षिण इटलीतले, गरीब, शेतमजूर. बरेच पुरुष आधी एकटे आले. बांधकामावर, रेल्वेमार्गावर, बंदरात राबायचे. एकट्या पुरुषाला सगळ्यात आधी काय लागतं? दोन वेळचं आपल्या चवीचं जेवण. मग एखादं कुटुंब आपल्याच घरात चार माणसं जास्त जेवू घालतं, आणि त्याचं हळूहळू हॉटेल होतं. मंडळी, ही गोष्ट आपल्याला नवीन आहे का? गिरणगावात कोकणातले, घाटावरचे गडी एकटे राहायचे आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका घराघरात होत्या. त्या बायकांचं संघटन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून केलं. फरक इतकाच की गिरणीच्या खानावळीला पाटी नव्हती आणि बाईचं नाव कुणी भिंतीवर लिहिलं नाही.

खाण्याचंही थोडं सांगतो, नाहीतर म्हणाल हॉटेलात जाऊन हा माणूस इतिहासच वाचत बसला. स्पॅगेटी म्हणजे लांब शेवया, त्यावर टोमॅटोचा तासन्‌तास शिजवलेला लाल रस्सा आणि खिम्याचे मोठे गोळे. इटलीतल्या गरिबाला मांस रोज परवडत नव्हतं. अमेरिकेत ते स्वस्त मिळालं, म्हणून शेवयांवर गोळे आले. म्हणजे हा पदार्थ गावाकडचा म्हणून खातात, पण त्याचं आजचं रूप परदेशातलं. टोमॅटोसुद्धा इटलीचा नाही, तो अमेरिका खंडातून तिकडे गेला. हसू नका, आपला बटाटावडा तसाच आहे. बटाटाही त्याच खंडातला, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला आणि नावसुद्धा त्यांच्याच भाषेतलं घेऊन आला. फिलाडेल्फियातले इटालियन त्या लाल रश्शाला 'ग्रेव्ही' म्हणतात, सॉस म्हणत नाहीत. आपल्या कर्जत रोडवरच्या ढाब्यावरही ग्रेव्हीच म्हणतात. मला फार बरं वाटलं.

मी टोमॅटोचा रस्सा घातलेली स्पॅगेटी घेतली. काट्याला गुंडाळता येईना. शेवटी लेकीने इकडेतिकडे बघून मला चमच्याने तोडून दिली. शेजारच्या टेबलावर एक आजी होत्या, बरोबर लेक आणि नातू. वाढणारा माणूस आजींशी इतका वेळ बोलत उभा राहिला की आमचं पाणी यायला उशीर झाला. एरवी मी कुरकुर केली असती. त्या दिवशी मात्र मी बघत बसलो, कारण अण्णांनी अगदी असंच केलं असतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे, कशेळ्याच्या नाक्यावर अण्णांचं हॉटेल होतं. पत्र्याची शेड, तीन बाकडी, काचेच्या दोन बरण्या, मातीची भट्टी. एसटी इथे थांबायची. एक फाटा नेरळला, एक मुरबाडकडे, एक आत खांडसकडे. महाशिवरात्रीला खांडसच्या वाटेने भीमाशंकरला जाणारे लोक आदल्या दिवशी यायचे. शनिवारी रात्री मुंबईची पोरं पाठीवर पिशव्या घेऊन पेठच्या किल्ल्यासाठी उतरायची. आणि बाजाराच्या दिवशी वाडीवरचे ठाकर, कातकरी लाकूडफाटा, करवंदं, रानभाज्या विकून आले की चहा आणि भजी. चहा पंधरा पैसे होता, तेव्हाचं सांगतोय.

अण्णांचं हॉटेल चाललं ते उधारीच्या वहीवर. भातकापणी झाली की लोक पैसे आणून द्यायचे, काही जण तांदूळ आणून द्यायचे. कुणाचं किती हे वहीत असायचं, पण कुणाला मागायचं नाही हे अण्णांच्या डोक्यात असायचं. ते वहीत लिहिता येत नाही. त्या इटालियन हॉटेलात मला जाणवलं ते हेच. कृती कागदावर उतरवून कुणालाही देता येते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला समोरचा माणूस किती वर्षं माहीत आहे, हे देता येत नाही. म्हणून ही हॉटेलं बापाकडून मुलाकडे जातात, आणि मुलगा नाही म्हणाला की थांबतात.

मी नाही म्हणालो.

१९७८ साली मला कल्याणला बँकेत नोकरी लागली. अण्णा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "जा. हे हात बघितलेस ना माझे?" भट्टीच्या धगीने आणि सोड्याने तिच्या हातांची सालं निघालेली असायची. पहाटे चारला भट्टी पेटायची, रात्री दहाला विझायची. दिवाळीला आम्ही घरी कधी बसलो नाही, कारण दिवाळीला गिऱ्हाईक जास्त. माझ्या शाळेच्या दप्तराला तळणाचा वास यायचा आणि पोरं मला 'भजी' म्हणायची. घरगुती हॉटेलाबद्दल लोक फार गोड बोलतात, त्या गोडव्याचे पैसे घरातली पोरं भरतात. हे मी त्या फिलाडेल्फियातल्या जागेबद्दलही म्हणेन. चार पिढ्यांत कुणाला तरी डॉक्टर व्हायचं असेल, कुणाला तरी रविवारी घरी झोपायचं असेल. सव्वाशे वर्षं टिकलेल्या जागेचं कौतुक करताना तेही मोजलं पाहिजे.

अण्णांनी दोन वर्षांनी हॉटेल बंद केलं. बाकडी कुणाकुणाला देऊन टाकली. वही मात्र माझ्याकडे आहे. आत अजून बाकी येणं आहे. नावं सांगत नाही, त्यातल्या काहींचे नातू समोर बसलेत.

मग प्रश्न पडतो, काही जागा टिकतात त्या का टिकतात? आपल्या जवळचंच बघा. कर्जत स्टेशनवरचा दिवाडकरांचा वडा. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून ढकलायला इंजिनं कर्जतला जोडतात, कारण बोरघाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट आहे. १८६३ साली हा घाट रेल्वेने चढला. मागे इंजिन जोडायला गाडी थांबणार, गाडी थांबली की माणसाला भूक लागणार. एका कुटुंबाचा धंदा घाटाच्या चढावर उभा राहिला! आता वंदे भारत मागच्या इंजिनाशिवायच घाट चढते आणि कर्जतला थांबतसुद्धा नाही. वड्याच्या दृष्टीने ही प्रगती नव्हे.

दादरला मामा काणे १९१० पासून आहेत. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ पासून. ते फक्त दुपारचं जेवण देतं, कारण आजूबाजूला सगळी कचेऱ्यांची वस्ती. तिथले बोमन कोहिनूर म्हातारपणीही टेबलाटेबलापाशी जाऊन गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे, २०१९ साली ते गेले. आणि तिथला प्रसिद्ध बेरी पुलाव हा त्यांच्या पत्नीने इराणहून आणलेला. प्रत्येक ठिकाणी कुटुंबाचं नाव होतं, पण कुटुंब एकटं पुरलं नाही. शेजार लागला. स्टेशन लागलं, कचेरी लागली, चाळ लागली. नवव्या रस्त्यावर मला हे डोळ्यांनी दिसलं. घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मासळीचा वास, लसणीचा वास, पहाटे माल उतरवणाऱ्या गाड्यांचा आवाज, हे सगळं शेजाऱ्यांच्या खिडकीतच जातं. आता त्या रस्त्यावर मेक्सिकन लोकांची टाको विकणारी दुकानं आहेत, जवळच व्हिएतनामी वाणी आहेत. जुने इटालियन बरेचसे बाहेर राहायला गेले. तरी बाजार चालू आहे, कारण नव्याने आलेल्यांचाही वास तो रस्ता सोसतो आहे. तिथे भांडणं होत नसतील असं मी म्हणत नाही. भांडूनही चूल पेटती राहते, एवढंच.

आणि आता चार नंबरचा गाळा.

२०११ साली मी आपल्या संस्थेचा सचिव होतो. आपल्याच बी विंगमधल्या एका कुटुंबाने अर्ज केला होता. नवरा इथल्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी, बायको घरी डबे करून द्यायची. त्यांना चार नंबरच्या गाळ्यात खानावळ काढायची होती. ग्रामीण रुग्णालयात पेशंटबरोबर आलेले नातेवाईक, शिक्षक, बांधकामावरचे लोक, यांच्यासाठी. त्यांना संस्थेचं ना-हरकत पत्र हवं होतं. सभेत हरकती आल्या. धूर येईल, झुरळं होतील, गटार तुंबेल, बाहेरची माणसं येऊन पायऱ्यांवर बसतील. वर पहिल्या मजल्यावर एक आजी होत्या, त्यांना दमा होता. या हरकती खोट्या नव्हत्या, हे आजही सांगतो. पण त्यांवर उपाय काय, हा प्रश्न मी सभेत येऊच दिला नाही. पंधरा मिनिटांत मत घेतलं आणि 'संस्थेचे निवासी स्वरूप लक्षात घेता' असं सुरू होणारं पत्र मी माझ्या हाताने लिहिलं. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे नकाराचं पत्र मला फार चांगलं लिहिता येतं.

ते पत्र घेऊन त्या वहिनी माझ्या दारात आल्या होत्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तर हॉटेलवाल्यांचे."

मी दार लावून घेतलं. बायकोने विचारलं तेव्हा नियम सांगितला. पण खरं कारण आज पंचवीस वर्षांच्या निमित्ताने तुमच्यासमोर सांगतो. मला तो वास पुन्हा माझ्या घराच्या खाली नको होता. दप्तरातला तो वास. मी नियमाच्या आडून माझ्या बालपणावर हरकत घेतली, आणि ती भोगली दुसऱ्याने.

ते कुटुंब सहा महिन्यांनी बदलापूरला गेलं. तिथे भाड्याच्या जागेत खानावळ काढली, ती चालली. इथली सदनिका त्यांनी विकली नाही, भाड्याने दिली. आणि आपला चार नंबरचा गाळा? मोबाईलचं दुकान झालं, बंद पडलं. सिमेंटच्या गोण्या ठेवल्या. एक वर्ष इस्टेट एजंट बसला. गेली तीन वर्षं कुलूप आहे. पायऱ्यांवर बाहेरची माणसं बसतील अशी भीती होती ना, आता संध्याकाळी तिथे कोण बसतं ते सगळ्यांना माहीत आहे.

राल्फ्समधून बाहेर पडल्यावर मी रस्त्यावर उभा राहून वर बघत होतो. लेकीला वाटलं चक्कर आली. मी धुराडं कुठे जातं ते बघत होतो. हसा, पण मला खरोखर तेच बघायचं होतं. इतक्या दाटीत धूर कुणाच्या खिडकीत न सोडता कुठे सोडतात? मग मी बाकीचे महिने हाच उद्योग केला. लेकीबरोबर कुठेही गेलो की हॉटेलच्या मागच्या गल्लीत जाऊन पाईप बघायचा. जावयांना वाटलं सासऱ्यांचं काहीतरी बिघडलं. पण गोष्ट सोपी असते. धूर ओढणारा पंखा, पत्र्याचा चौकोनी पाईप, तो गच्चीच्या वर, शेजारच्या खिडक्यांपेक्षा उंच. भांडी धुण्याच्या पाण्यातलं तेल अडवायला गटाराच्या आधी एक छोटी टाकी, ती दर आठवड्याला साफ करायची. गॅसच्या टाक्या बाहेर, जाळीत. २०११ साली हे सगळं कर्जतमध्ये मिळत होतं. मी विचारलं नाही.

आता या वर्षी त्याच कुटुंबाच्या मुलीचा अर्ज आला आहे. वय सव्वीस. हॉटेलचा अभ्यासक्रम केला, मुंबईत दोन वर्षं एका इटालियन हॉटेलात काम केलं. तिला सोमवार ते शुक्रवार आईची पोळी-भाजी, थालीपीठ, भात-आमटी असं चालवायचं आहे. शनिवार-रविवार पिझ्झा आणि पास्ता, कारण आपल्या रस्त्याने शनिवारी फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांची रांग लागते आणि सगळ्या पुढे निघून जातात. मी तिला विचारलं, "कशेळ्यात पिझ्झा कोण खाणार?" ती म्हणाली, "काका, तुमचा नातू गेल्या रविवारी पिझ्झासाठी कर्जतला गेला होता. बाईकवर. पावसात." मला माहीतच नव्हतं.

तिला मी आणखी एक विचारलं. तिची आई आता साठीला आली, पहाटे चारला कोण उठणार? ती म्हणाली, पहाटे चारला कुणीच नाही, आपण अकराला उघडू आणि मंगळवारी बंद ठेवू. अण्णांना हे सुचलं नसतं. कदाचित परवडलंही नसतं.

अर्ज रविवारच्या सभेत आहे. मी सभासद म्हणून बाजूने मत देणार आहे, आणि २०११ चं माझं पत्र इतिवृत्तात आहे तसंच राहू दे, फाडू नका. पण नुसतं बाजूने मत देऊन पहिल्या मजल्यावरच्या लोकांचा धूर जात नाही. त्यांच्या शंका रास्त आहेत. पिझ्झाची भट्टी लाकडाची की गॅसची, यावर माझं मत गॅसची असं आहे. लाकडाच्या धुराचं मला माहीत आहे. पाईप मागच्या बाजूने जिन्याच्या भिंतीला लावून गच्चीच्या वर नेता येतो. कर्जतच्या फॅब्रिकेशनवाल्याने येऊन माप घेतलं आहे, खर्च मुलगी करणार आहे. एकच अडचण आहे. पाण्याच्या टाकीपाशी पाईपला वळण द्यावं लागतं, आणि ते वळण दोनशे एकच्या बाल्कनीच्या फार जवळ येतं. दोनशे एकचे काका समोर बसलेत. काका, नकाशा मी बरोबर आणलाय. जेवणाच्या पंगतीत तुमच्या शेजारी बसतो.